घरच्या कागदांचे दप्तर

आज कागदांविषयी लिहायचे आहे. विषय ऐकून काहींना कंटाळा येईल. पण ज्या घरात बारावीचे मूल आहे, ज्या घरातले कर्ते माणूस अलीकडे गेले आहे, किंवा ज्या घरात भावाभावांची वाटणी व्हायची आहे, त्या घराने हा लेख जपून ठेवावा अशी आमची विनंती आहे. कुठे आणि कसा जपून ठेवायचा, तेही याच लेखात सांगितले आहे.

आमच्या थोरल्या ताईंचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, दोन वर्षांपूर्वी गेले. कारखान्यात फिटर होते. घरातला प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून गेलेला. मध्यरात्री दिवे गेले असताना विचारले असते, तरी कोणता कागद ट्रंकेत कोणत्या कोपऱ्यात आहे हे त्यांनी सांगितले असते. त्यामुळे घरात दुसऱ्या कोणाला ते माहीत करून घ्यायची गरजच पडली नाही. दाजी गेले आणि कागदांचे पत्तेही त्यांच्याबरोबर गेले.

गेल्या वर्षी भाचीची बारावी होती. अभियांत्रिकीला जायचे तिने ठरवले होते. राखीव जागेवरच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या अर्जासोबत वडिलांकडच्या आजोबांचा, १९५० पूर्वीचा पुरावा जोडायचा होता. तो घरात आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. एके संध्याकाळी ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "ट्रंक भरून कागद आहेत रे बाबा. पण पाहिजे तो एकच सापडत नाही. तुम्ही दोघं या."

आम्ही गेलो. ट्रंकेतून अकरा प्लास्टिकच्या पिशव्या, एक मिठाईचा खोका आणि उशीच्या अभ्र्यात बांधलेले एक गाठोडे निघाले. त्यात काय नव्हते? तीन पिढ्यांची रेशनकार्डे, कधीच मोडीत गेलेल्या टीव्हीचे गॅरंटी कार्ड, लग्नपत्रिका, एकाच गुणपत्रिकेच्या नऊ झेरॉक्स. मूळ गुणपत्रिका मात्र नाही. तिसऱ्या दिवशी आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा सापडला. १९४१ सालची नोंद, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का. दाजींनी तो जिवापाड जपायचा म्हणून मऊ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला होता. भाचीने हळूच ओढला. कागद हातात आला आणि अक्षरे प्लास्टिकला चिकटून राहिली. उजेडाकडे धरले की प्लास्टिकवर आजोबांचे नाव स्वच्छ वाचता येत होते. पण प्लास्टिकवरचा पुरावा कोण मानणार?

पुढे गावच्या शाळेत दोन खेपा झाल्या. मुख्याध्यापक भले होते. त्यांनी जुने रजिस्टर काढले, फाटकी पाने जपून उलटली आणि नवा उतारा दिला. या साऱ्यात अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत ताईंच्या घरात चूल पेटत होती, पण जेवणात कोणाचे लक्ष नव्हते. पोरीची बारा वर्षांची मेहनत एका कागदावाचून अडून बसली होती.

काम झाले, तेव्हा आम्ही ठरवले की या घराला आता एक नीट फाईल करून द्यायची. बाजारात जाऊन एक घेतली, तर महिनाभरात तिचीही ट्रंक झाली. मग विचार केला, दोन केल्या, उसवल्या, तिसरी जमली. त्या तिसरीची हकीकत वाचकांसमोर ठेवतो.

आधी जुन्या रीतींकडे बघू. कागद सांभाळणे आपल्या मुलखाला नवीन नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात लाखो कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गठ्ठा करायचा, वर कापड गुंडाळायचे, गाठ मारायची आणि चिठ्ठी लावायची. कापडातून हवा खेळते, कागद घुसमटत नाही, म्हणून रीत चांगली. पण मधला एक कागद काढायचा तर सारा रुमाल सोडावा लागतो. दुसरी रीत बांधीव वहीची. शाळेचे जनरल रजिस्टर बांधीव असते आणि त्याच्या पानांना आकडे असतात, ते मुद्दाम. मधले पान काढता येऊ नये, नवे घुसवता येऊ नये. म्हणूनच ऐंशी वर्षांनीही त्यातला उतारा पुरावा म्हणून उभा राहतो.

घरच्या कागदांची गरज मात्र उलटी. घर वाढते, कागद वाढतात. आज जन्माचा दाखला, पाच वर्षांनी शाळेचा, पंधरा वर्षांनी जातीचा. प्रत्येक नवा कागद त्याच्या माणसापाशी जाऊन बसला पाहिजे, म्हणजे मधेच जागा करता आली पाहिजे. त्यासाठी सुट्या पानांची, कड्यांची फाईल हवी. हा शोध जर्मनीतला. बॉन शहरच्या फ्रीडरिश झ्योनेकेन यांनी १८८६ साली कागदाला छिद्रे पाडणाऱ्या पंच मशीनचे पेटंट घेतले आणि त्या छिद्रांत कागद धरणारी फाईलही काढली. पुढे १८९६ साली श्टुटगार्टच्या लुई लाइट्झ यांनी तिला तरफ बसवली. आपण कचेरीत जिला बॉक्स फाईल म्हणतो, ती हीच.

सुट्या पानांचा एक धोकाही आहे. पान सहज निघते, म्हणजे सहज हरवते. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड १९७९ पासून प्रसिद्ध केले. त्यातला तिसरा खंड १९८७ साली आला. तो ज्यांनी वाचला आहे त्यांना आठवेल, काही प्रकरणे अपुरी आहेत आणि हस्तलिखिताची काही पाने मिळाली नाहीत असे संपादकांना नोंदवावे लागले आहे. एवढ्या मोलाच्या कागदांचे जिथे असे होते, तिथे आपल्या ट्रंकेतल्या कागदांचे काय? म्हणून सुट्या पानांची फाईल करायची तर पान हरवू नये याची सोय तिच्या रचनेतच पाहिजे.

ही रचना आम्हाला सुचली ती आजीच्या चंचीवरून. तरुण वाचकांनी चंची पाहिली नसेल. कापडाची लांब पिशवी, आत तीन-चार कप्पे. एकात पाने, एकात सुपारी, एकात तंबाखू, कडेला चुन्याच्या डबीला छोटा खिसा. गुंडाळून दोरी बांधली की कंबरेला. आजी अंधारातही बरोबर हात घालायची. कारण प्रत्येक वस्तूचा कप्पा तिच्या मापाचा होता आणि जागा कधी बदलत नव्हती. आमच्या फाईलीचे सारे तत्त्व एवढेच आहे.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट मापाची. हल्लीचे बहुतेक दाखले ए-फोर कागदावर येतात, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर. पण प्रतिज्ञापत्रे, स्टँप पेपर, खरेदीखते बहुधा लीगल मापाची, साधारण साडेआठ बाय चौदा इंच. ए-फोरची फाईल घेतली की लांब कागद खालून दुमडावे लागतात. दुमड नेमकी सही-शिक्क्यावर येते आणि काही वर्षांनी कागद तिथेच फाटतो. म्हणून फाईल घरातल्या सर्वांत मोठ्या कागदाच्या मापाची घ्यावी. लहान कागद मोठ्या फाईलीत सुखाने राहतो. उलटे होत नाही.

दुसरी गोष्ट कड्यांची. दुकानात गोल कडी असलेली आणि इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची कडी असलेली अशा दोन फाईली मिळतात. डी कडीची घ्यावी. गोल कडीत पाने कलतात, कडेची पाने वाकतात. डी कडीच्या सरळ बाजूवर पाने एकावर एक सारखी बसतात आणि मावतातही जास्त. कडी किती मोठी हवी याचा हिशेब सोपा आहे. साध्या झेरॉक्सच्या शंभर कागदांची जाडी जवळजवळ एक सेंटिमीटर होते. एका पाकिटात मूळ कागद आणि तीन झेरॉक्स धरल्या, तर पाकिटासह अर्धा मिलिमीटर. अशी चाळीस पाकिटे म्हणजे दोन सेंटिमीटर. म्हणून तीन सेंटिमीटरची कडी पुरते आणि वाढीला थोडी जागाही उरते. कडी काठोकाठ भरली की मिटताना पाने अडकतात. मग घरातले कोणीतरी कागद वरच्यावर खोचायला लागते आणि फाईलीची पुन्हा पिशवी होते.

तिसरी गोष्ट छिद्रांची. मूळ कागदाला पंच कधीही करू नये. छिद्रे पाकिटाला असावीत, कागद पाकिटात असावा. पाकिटे तयार मिळतात. पण कापडी कप्पे किंवा पुठ्ठ्याचे दुभाजक घरी करायचे असतील तर माप लक्षात ठेवा. दोन छिद्रांमधले अंतर ८० मिलिमीटर, छिद्राचा मध्य कडेपासून १२ मिलिमीटर आत, छिद्राचा व्यास ६ मिलिमीटर. जगात बहुतेक ठिकाणी हेच माप चालते. पुठ्ठा उभा धरून लांबीच्या मध्यावर खूण करावी आणि खुणेच्या दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटरवर छिद्र पाडावे.

आमची पहिली फाईल बिघडली ती दुभाजकांमुळे. माणसागणिक रंगीत पुठ्ठे घातले, त्यांना कडेला नावांच्या जिभा काढल्या. फाईल मिटली तर एकही जीभ दिसेना. कारण पाकीट कागदापेक्षा रुंद असते. त्यात कागद मावायचा असतो, शिवाय छिद्रांची पट्टी असते. कागदाच्या मापाने कापलेला पुठ्ठा त्याच्या मागे दडतो. म्हणून दुभाजक पाकिटाच्या मापाने कापावा आणि जीभ त्याच्याही बाहेर बोटभर यावी. फाईलीचा पुठ्ठाही तेवढा रुंद आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.

आता कप्पे. आमच्या फाईलीत चार तऱ्हेचे आहेत.

पहिला, पारदर्शक पाकीट. हे फक्त मूळ कागदांसाठी. एका पाकिटात एकच मूळ कागद. दोन घातले की मागचा विसरला जातो. बहुतेक पाकिटांचे तोंड वर असते. फाईल उलटी धरली की कागद घसरतो. जमल्यास कड्यांच्या बाजूला तोंड असलेली किंवा वर झडप असलेली पाकिटे घ्यावीत.

दुसरा, झेरॉक्सचा कप्पा. प्रत्येक मूळ कागदाच्या मागे खाकी कागदाचे पाकीट, त्यात तीन झेरॉक्स. खाकी का? तर दिसताक्षणी कळावे की हे मूळ नव्हे. झेरॉक्स हवी असेल तेव्हा हात खाकीकडेच जातो, मूळ कागद हलतच नाही. शेवटची झेरॉक्स काढणाऱ्याने त्याच दिवशी तीन करून आणायच्या, हा घराचा नियम.

तिसरा, लहान कप्प्यांचे पान. एका पानावर सहा-आठ छोटे खिसे शिवलेले किंवा तयार मिळणारे. त्यांत पासपोर्ट मापाचे फोटो, ओळखपत्रे. फोटो प्रत्येकाच्या नावाच्या खिशात. अर्जाच्या आदल्या रात्री फोटो शोधण्यात किती घरे जागतात ते आम्ही पाहिले आहे.

चौथा, भात्याचा कप्पा. पासबुक, पेन्शनचे पुस्तक, विम्याची पॉलिसी अशा जाड वस्तू सपाट पाकिटात बसत नाहीत. बसवल्या तर पाकीट फाटते. त्यांच्यासाठी पेटीच्या भात्यासारखा उघडणारा कप्पा फाईलीच्या मागच्या पुठ्ठ्यावर करावा. आम्ही दाजींच्या जुन्या खाकी पॅंटचे कापड वापरले. कप्प्याची रुंदी २४ सेंटिमीटर हवी होती. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटरची चुणी आणि एक-एक सेंटिमीटर शिवण धरून ३१ सेंटिमीटर रुंद कापड कापले. तळालाही अडीच सेंटिमीटरची चुणी ठेवली. वर झडप आणि टिचबटण. शिवण दुहेरी घातली. खळीने चिकटवायचा मोह टाळावा. खळीवर कसर येते आणि खळ संपली की ती कागदाकडे वळते.

एक सूचना. कोणत्याही कप्प्यात बँकेच्या कार्डाचा गुप्त आकडा लिहून ठेवू नये. चोरखिसा कितीही छान शिवला तरी चोराला तो आधी सापडतो.

आता दाजींच्या हातून जी चूक झाली तिच्याकडे येतो. मऊ, रबरासारखे वाकणारे, नव्या रेनकोटसारखा वास येणारे प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. ते हळूहळू बाहेर येते आणि झेरॉक्सची शाई ओढून घेते. आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या घरात हे लवकर होते. पॉलिप्रॉपिलीनचे पाकीट घ्यावे. ते कुरकुर वाजते, त्याला वास नसतो आणि शाई धरत नाही. दुकानदाराला पी.पी.ची पाकिटे म्हटले की तो देतो. दोन पाकिटे हातात घेऊन वाजवून बघा, फरक कळेल.

लॅमिनेशनही करू नये. आपल्याकडे मुलाचा दाखला आला की पहिले लॅमिनेशनला धावतात. त्यामागची माया आम्हाला कळते. पण गरम प्लास्टिक एकदा कागदाला बसले की कागद न फाडता निघत नाही. पुढे त्यावर शेरा मारायचा, शिक्का उमटवायचा तर जागाच राहत नाही. शिवाय कागद खरा आहे की नाही हे बोट लावून बघणाऱ्यालाही संशय येतो. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नये, ती पिवळी पडून डाग सोडते. स्टेपलच्या पिना काढून टाकाव्यात, पावसाळ्यात त्या गंजतात आणि कागदाला भोक पाडतात. एटीएमच्या किंवा मशीनच्या गुळगुळीत पावत्या काही महिन्यांत कोऱ्या होतात. त्यांची त्याच आठवड्यात झेरॉक्स करावी.

मांडणी कशी करायची? आमची दुसरी फाईल इथे फसली. आम्ही शाळेचे कागद एकत्र, बँकेचे एकत्र, सरकारी एकत्र अशी कचेरीसारखी मांडणी केली. दिसायला सुरेख. ताईंना एकही कागद सापडला नाही. ताई चौथी शिकलेल्या. मोठी अक्षरे लावून वाचतात. कोणता कागद कोणत्या खात्याचा हे त्यांना कसे कळावे? त्या म्हणाल्या, "मला खातं काय सांगता? पोरीचे कागद म्हटलं की पोरीचे सगळे एका जागी पाहिजेत."

त्यांचे खरे होते. फाईल लावणारा माणूस हुशार असतो, पण उघडण्याची वेळ बहुधा दुसऱ्यावर येते, आणि तीही अडचणीच्या दिवशी. म्हणून मांडणी घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला विचारून करावी. तिसऱ्या फाईलीत आम्ही माणसागणिक रंग दिला. दाजींचा खाकी, ताईंचा हिरवा, भाचीचा पिवळा, भाच्याचा निळा. प्रत्येकात क्रम तोच ठेवला. जन्म, शाळा, जात, ओळखपत्रे, बँक, नोकरी, दवाखाना. जिभांवर अक्षरांबरोबर भाच्याने चित्रे काढली. शाळेला पाटी, दवाखान्याला बाटली, घराच्या कागदांना घर. सुरुवातीला अनुक्रमणिकेचे एक पान घातले आणि प्रत्येक पाकिटाला आकडा दिला.

पान हरवू नये म्हणून जी सोय म्हटली, ती अशी. मूळ कागद बाहेर काढला की त्याच्या जागी लाल चिठ्ठी ठेवायची. तीवर तारीख, कोणी नेला, कोठे दिला, आणि मिळालेली पोच त्याच पाकिटात. रिकामे पाकीट कधी ठेवायचे नाही. त्यात एक तर कागद असेल, नाही तर चिठ्ठी. एवढी एक शिस्त पाळली तरी अर्धे काम झाले.

शेवटचा विभाग आम्ही घराण्याचा केला. तो सगळ्या भावंडांचा सामाईक. त्यात वंशावळ, आजोबांचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यू नोंदीचा गाव नमुना चौदाचा उतारा, सातबारा आणि फेरफार, आणि कुटुंबात ज्याला सर्वांत आधी वैधता मिळाली त्याच्या प्रमाणपत्राची प्रत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्यापूर्वीचा एकही कागद घरात असेल तर तो या विभागाचा पहिला मान. जुना कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून त्याच्या शेजारी ठेवावे.

आपल्या घरांत या विभागाला आणखी एक महत्त्व आहे. आजोबांच्या उताऱ्यावर जुन्या जातीचे नाव असते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वडिलांच्या दाखल्यावर बौद्ध असे लागते. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या कायद्याने. नातवाला अर्ज करताना हे दोन दाखले एकाच घराण्याचे आहेत हे दाखवावे लागते. मधला एक कागद गहाळ झाला की साखळी तुटते. ताईंनी आजोबांचा उतारा, दाजींचा दाखला आणि मुलीचा दाखला ओळीने लावलेले पाहिले. बराच वेळ त्या पाने मागे-पुढे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं चालून आलोय होय आपण."

फाईल झाली म्हणजे काळजी संपली असे नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात कितीतरी घरांचे कागद पाण्यात गेले. फाईल जाड प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत, घरातल्या उंच फळीवर, गॅसपासून आणि गळक्या कोपऱ्यापासून दूर ठेवावी. फळी कोणती हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या घरी, माहेरी किंवा भावाकडे ठेवावा. सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये असावेत. सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्याचाही उपयोग करावा. पण शाळेच्या जुन्या उताऱ्यासारखे कागद तिथे आपोआप येत नाहीत आणि पडताळणीला मूळ कागद दाखवावा लागतो, हे विसरू नये. कागद भिजलेच तर ओढून सुटे करू नयेत, चुलीवर धरू नयेत. कोऱ्या कागदांच्या घडीत सपाट ठेवून सावलीत वाळवावेत. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीला एकदा फाईल उघडून सावलीत वारा द्यावा. त्याच दिवशी लाल चिठ्ठ्या तपासाव्यात.

भाचीचे वैधता प्रमाणपत्र मुदतीच्या चार दिवस आधी हाती आले. आता ती अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. पण आम्हाला अधिक समाधान दुसऱ्याच गोष्टीचे वाटले. मध्यंतरी ताईंना कुटुंब निवृत्तिवेतनासाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. पूर्वी त्या कोणाला तरी सोबत घेऊन जात, पिशवी समोरच्याच्या टेबलावर ठेवत आणि म्हणत, "काय पाहिजे ते बघून घ्या साहेब." या वेळी त्या एकट्या गेल्या. साहेबांनी पासबुक मागितले. ताईंनी मागचा भाता उघडून ते दिले. झेरॉक्स मागितली. हिरव्या जिभेमागच्या खाकी पाकिटातून ती काढून दिली. मूळ कागद मागितला तेव्हा म्हणाल्या, "दाखवते. पण हातातच ठेवा, आत्ता परत घेणार."

येत्या रविवारी दोन तास काढा. ट्रंक उघडा, घरातल्या सगळ्यांना भोवती बसवा. फाईल नंतर होईल, आधी मूळ कागद आणि झेरॉक्स वेगळे करा, मऊ प्लास्टिकमधले कागद बाहेर काढा आणि १९५० पूर्वीचा कागद घरात आहे का ते पाहा. नसेल तर गावच्या शाळेत जायला ही वेळ बरी आहे. प्रवेशाच्या गर्दीत मुख्याध्यापकांनाही सवड नसते. आणि आपल्या घरी कागद ठेवायची याहून चांगली रीत असेल, तर आम्हाला पत्राने जरूर कळवावी. पत्र नीट जपून ठेवू, आता जागा आहे.